मठाच्या कौलांवरचा डबा

“आणि तुला?” माईंनी विचारलं.

“मला काय, माई?”

“बाहेरच्या कुणाला काही दिसणार नाही म्हणालास. पडदा घातलायस म्हणालास. तुला दिसतं का?”

हर्षदचा चेहरा उजळला. हे कुणीतरी विचारावं म्हणून माझा नवरा बहुधा लग्नाआधीपासून वाट बघत होता.

माईंचा मठ टेकडीवर. खाली अलीकडे आमची वाडी, अरुंद खाडीपलीकडे दुसरी. तिकडे मोबाइलला रेंजच नाही. हर्षदनं आमच्या खोलीत, रुखवतातल्या टेबलावर, जुने राउटर उघडून-जोडून आमच्या वाडीभर वायफाय दिलं होतं. पलीकडच्या शाळेवर सिग्नल पकडणारा एक डबा लावून ठेवला होता. त्याचा जोडीदार मठाच्या कौलांवर बसला, की ती वाडीही जोडली जाणार. खोटी होती ती माईंच्या होकाराची. डबा हर्षदच्या मांडीवर होता, तान्ह्या बाळासारखा.

“सगळं दिसतं!” त्यानं फोन पुढे धरला. “हे बघा, एकेक घर. कोण काय उघडतंय ते. बापूकाका पत्ते खेळतायत! आणि काकूंना सांगतात, हवामान बघतोय.”

माई हसल्या. मीही हसले.

“आणि हिचं?”

“हिचं काय असणार! भरतकामाचे व्हिडिओ, आणि...” त्याचं बोट थांबलं. “कराडच्या एसटीचं वेळापत्रक. काल. परवा... रोजच.”

कराड माझं माहेर.

मी चटईची एक काडी सरळ करत बसले. ती आधीच सरळ होती.

“मुक्ता, तू बोलली नाहीस...”



माई उठल्या. खांद्यावरची छाटी काढून त्यांनी आम्हा दोघांच्या मध्ये आडवी धरली. हर्षद दिसेनासा झाला.

“लग्नात हा कुणी धरला होता?”

“अंतरपाट?” छाटीपलीकडून आवाज आला. “आमच्या काकांनी. आणि हिच्या मामांनी.”

“मामा उंच?”

“ताडमाड.”

“मग त्यांना दोन्हीकडचं दिसत असणार. कुठं बघत होते?”

हर्षदला आठवेना. तो तेव्हा अंतरपाटाखालून माझी पावलं बघत होता.

“पंख्याकडे,” मी म्हणाले. “मंगलाष्टकं संपेपर्यंत.”

मठात आल्यापासून मी बोललेलं हे पहिलंच.

छाटी खाली आली. हर्षदचे कान लाल झाले होते. त्यानं फोनवरचं ते सगळं पुसलं, आणि यापुढे काही टिपून ठेवायचं नाही अशी सेटिंग केली.

“मीपण येतो कराडला,” तो फोनलाच म्हणाला.

माईंनी शिडीकडे बोट दाखवलं. “चढ.”

तो दातात वायर धरून चढला. एक कौल फुटलं. डबा बसला. दिवा लाल... लालच... आणि हिरवा!

खाडीपलीकडून हाक आली. “आलंऽऽ! आलं रे, आलं!” कुणीतरी ताट बडवायला लागलं. एक बाई भर अंगणात फोनवर मोठमोठ्यानं रडत-हसत होती. मी टाळ्या वाजवत होते, हे मला हात झोंबल्यावर कळलं. कौलांवर हर्षद नाचायचाच बाकी होता.

“पहिलं कोण जोडलं गेलं असेल, माई? बघतोच!” त्याचा हात खिशाकडे गेला.

मठात पंखा नाही. अंगणावर तर नुसतं आभाळ.

माईंनी मान वर केली.

“पंख्याकडे बघ, बाळा.”