मुठीत मावेल एवढी इच्छा

नीट मांडी घालून बसा आणि मधूनमधून 'हं' म्हणत राहा. हुंकार थांबला की गोष्टही थांबते, हे आधीच सांगून ठेवते. मग माझ्याकडे तक्रार करायची नाही.

तर मांडवडोंगराच्या पायथ्याशी एक एवढीशी झोपडी होती. तिथे आठ वर्षांची येसू आणि तिचे आजोबा राहायचे. आजोबांना सगळा गाव आप्पा म्हणे, म्हणून येसूही आप्पाच म्हणायची. येसूला आईबाबा नव्हते. तिच्या परकराला इतकी ठिगळं होती, की मूळचं कापड कोणतं हे परकरही विसरला असेल. दोघं रोज नाचणीची पेज प्यायची. मीठ संपलं की अळणीच प्यायची, आणि मीठ तर सारखंच संपायचं.

आप्पा कोण होते, माहीत आहे? गोष्टी सांगणारे! चाळीस वर्षं ते खांद्यावर घोंगडी टाकून गावोगाव हिंडले. कोकणातल्या लाल वाटा, माणदेशातली माळरानं, खानदेशातले पांढरेशुभ्र कापूसबाजार, सगळं त्यांनी पायांनी पाहिलं. बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसायचं, घुंगरांची काठी छुमछुम वाजवायची आणि गोष्ट सुरू करायची. निघताना त्या गावच्या एका झाडाची बी पिशवीत टाकायची. त्यांच्या झोपडीमागच्या बागेत कोकणातली बकुळ होती, खानदेशातला कडुनिंब होता, आणि मधोमध कोण्या गावचा कोण जाणे, एक सोनचाफा होता.

पण एकदा भर जत्रेत आप्पा गोष्ट सांगतासांगता थांबले. शेवट आठवेना! लोक म्हणत होते, "हं... हं... मग?" आणि आप्पांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. दुसऱ्या गावातही तेच. तिसऱ्या गावातही तेच. आप्पा मुकाट्याने घरी आले, काठीची घुंगरं सोडली आणि मडक्यात ठेवून दिली.

तेव्हापासून आप्पा सकाळी पाखरं बघायचे. मग ओढ्यात गळ टाकून बसायचे. लागलेला मासा लहान असला की त्याला परत सोडायचे, आणि त्यांना सगळेच मासे लहान वाटायचे. दुपारी बियांची पिशवी घेऊन ते डोंगरावर जायचे. "या बोडक्याला केस उगवायचेत मला," असं म्हणत खडकांच्या फटींत बिया पेरायचे.

त्यांच्या सगळ्या गोष्टी वाऱ्यावर गेल्या होत्या. फक्त तीन उरल्या होत्या, आणि त्याही येसूपाशी. एक चांदीच्या पोपटाची, एक बोलक्या विहिरीची आणि एक मिठाच्या महालाची. दिवेलागणीला येसू त्यातली एक सांगायची आणि आप्पा हुंकार द्यायचे. कधी त्यांचा डोळा लागायचा. मग येसूने नावाने कितीही हाका मारल्या तरी ते जागे व्हायचे नाहीत, पण गोष्ट सुरू केली की झोपेतसुद्धा म्हणायचे, "हं."

श्रावणातली एक दुपार. आप्पा डोंगरावर गेले आणि मागोमाग ढग खाली उतरले. झाडं दिसेनात, डोंगर दिसेना. पेज निवली. आप्पा आले नाहीत. येसू दारात उभी राहिली, मग अंगणात, मग बागेत. 

"कुणी आहे का गं तिथं?" चाफ्यातून एक बारीक आवाज आला.

येसूने वर पाहिलं. दोन फांद्यांमधल्या कोळ्याच्या जाळ्यात अंगठ्याएवढी परी अडकली होती. आंब्याच्या कोवळ्या पालवीचा तांबूस, चमचमता रंग तिच्या इवल्याइवल्या पंखांना होता. येसूने एकेक धागा हलक्या बोटांनी सोडवला. कोळ्याचं घरही मोडू नये म्हणून ती जपत होती.

परी तिच्या तळहातावर उतरली. "घाईत होतीस ना, बाळ? तरी केवढ्या मायेनं सोडवलंस."

"माझे आप्पा डोंगरावर राहिलेत," येसू म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "त्यांना आणून दे ना!"

"माणसाला उचलून आणणं माझ्या पंखांना पेलत नाही गं." परीने चाफ्याच्या तीन सोनेरी पाकळ्या तिच्या हातावर ठेवल्या. "या तीन इच्छा घे. पाकळी मुठीत धरून बोलायचं. पण नेम पाळावे लागतील. मुठीत मावेल एवढंच मागायचं. सूर्य डोंगराआड जायच्या आत मागायचं. आणि एका इच्छेला तुझ्याजवळची एक गोष्ट द्यायची. दिलीस की ती तुला कधीच आठवणार नाही."

"गोष्ट कुठं जाईल?"

"ते विचारायचं नाही," परी हळूच म्हणाली आणि पानांत शिरली.

येसू मनातून हादरली. आप्पांच्या तीनच तर गोष्टी उरल्या होत्या! त्या गेल्या तर जगात कुणाकडेच राहणार नव्हत्या. पण आप्पाच नसतील तर गोष्ट सांगायची कुणाला? तिने पाकळी मुठीत आवळली.

"आप्पांची पावलं दाखवणारी मूठभर धूळ दे. घे चांदीच्या पोपटाची गोष्ट."

मूठ गरम झाली. उघडली, तर आत सोनेरी धूळ! येसूने ती फुंकली. आप्पांची पावलं जिथे जिथे उमटली होती तिथे ती जाऊन बसली, आणि चिखलात पिवळ्याधमक पावलांची वाट उजळली. येसू धावत सुटली. पोपटाचं पुढे काय व्हायचं? तिने आठवून पाहिलं. पोपट होता एवढंसुद्धा आता तिला आठवेना.

वाट वर वर गेली आणि डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर संपली. कातळावर कुणाची पावलं उमटणार? चारी बाजूंना नुसतं पांढरं होतं. कुठेतरी जवळच कडा होता, पण कुठे, ते दिसत नव्हतं.

"टिटिव टिव! टिटिव टिव!" एक टिटवी आकांत करत तिच्या डोक्याभोवती घिरट्या घालू लागली. येसूने खाली पाहिलं. खळग्यातल्या गार पाण्यात टिटवीचं पिल्लू पडलं होतं. येसूने ते उचललं. कापसाच्या बोंडाएवढा जीव, ओलागच्च. थरथरणंही आता थांबत आलं होतं.

येसूने आपला परकर पाहिला. तोही भिजलेला. ऊब द्यायला तिच्यापाशी काहीच नव्हतं. दोन पाकळ्या होत्या, पण त्या आप्पांसाठी होत्या! 'मी नाही बघितलं असं समजू का?' तिच्या मनात आलं. हो, आलं तिच्या मनात. उगाच खोटं कशाला सांगू? ती दोन पावलं पुढेही गेली. मग परत फिरली. पिल्लाला तसं टाकून गेलं तर आप्पांच्या तोंडाकडे बघायचं कसं?

"मूठभर ऊब दे," ती रडतरडत म्हणाली. "घे बोलक्या विहिरीची गोष्ट."

तिच्या तळहातातून केशरी ऊब पाझरली. पिल्लाची पिसं सुकली, फुलली, आणि ते तुरुतुरु आईकडे पळालं. येसूपाशी आता एक पाकळी आणि एक गोष्ट राहिली. ढगांच्या मागे सूर्याची फिकट टिकली समोरच्या डोंगराकडे झुकली होती.

"आप्पाऽऽ!" ती ओरडली. "आप्पाऽऽ!" ढगांनी हाक गिळून टाकली. काय मागावं? मुठीत मावेल असं काय आहे, ज्याने आप्पा सापडतील? तिला काही सुचेना. आणि मग एकदम तिला झोपेतले आप्पा आठवले.

तिने घसा साफ केला आणि आप्पा बाजारात सांगत तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"एक होता मिठाचा महाल!"

ती थांबली. काही नाही. नुसता वारा.

"त्याच्या भिंती मिठाच्या, खांब मिठाचे, आणि आत राहायची एक धाकटी राजकन्या!"

"...हं."

इतकं बारीक, की भास वाटावा. येसूने कान टवकारले. ती आवाजाच्या दिशेने निघाली. "एक दिवस आभाळात काळे ढग जमले!"

"हं."

"पहिला थेंब पडला आणि छत गळायला लागलं!" आता ती पळतच होती.

"टिटिव टिव!" टिटवी थेट तिच्या तोंडावर झेपावली. येसू दचकून मागे बसली. तिच्या पायाखालचा खडा घरंगळला, आणि खाली पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. कडा! एक पाऊल पुढे, एवढाच. ती कातळाला धरून रांगत रांगत बाजूला सरकली. पण तिने गोष्ट सोडली नाही. "भिंती विरघळल्या, खांब विरघळले..."

"हं," अगदी खालून आवाज आला.

कड्याच्या अलीकडे एक घळ होती. त्यात आप्पा पडले होते, डोळे मिटलेले, पाय दोन दगडांत अडकलेला. येसू उतरली. तिने दगड ढकलला. हलेना. पुन्हा ढकलला. आप्पांनी डोळे उघडले.

"येसू? कशाला आलीस गं पोरी?... पण महालाचं काय झालं? पुढं सांग की."

"सगळा महाल विरघळला, आप्पा. राजकन्येच्या मुठीत फक्त चिमूटभर मीठ राहिलं. ते घेऊन ती..."

तेवढ्यात ढग जरा फाटला. सूर्याची नखाएवढी कड तेवढी समोरच्या डोंगरावर उरली होती. येसूने आप्पांकडे पाहिलं. ते गोष्टीची वाट बघत होते. त्यांची शेवटची गोष्ट!  तिने पाकळी मुठीत आवळली.

"मूठभर जोर दे. घे... घे मिठाच्या महालाची गोष्ट."

तिच्या इवल्या मुठीत जोर आला. तिने दगडाला एकच धक्का दिला, आणि तो बाजूला लवंडला. आप्पांचा पाय सुटला. सूर्य बुडाला.

"मग?" आप्पांनी विचारलं. "ते घेऊन ती कुठं गेली?"

"कोण, आप्पा?" येसू म्हणाली, आणि आपण काय देऊन टाकलं हे तिला कळलं. "मला नाही आठवत. आता एकसुद्धा नाही आठवत." आप्पांच्या घोंगडीत तोंड खुपसून ती हुंदके देऊन रडली.

तेव्हा घळीत उजेड झाला. तांबूस, सोनेरी, गुलाबी. परी आप्पांच्या काठीच्या टोकावर बसली होती.

"गोष्टी कुठं गेल्या ते आता विचार, बाळ," ती म्हणाली.

"कुठं गेल्या?"

"त्या मी माझ्यासाठी घेतल्याच नव्हत्या. ज्याच्या होत्या, त्याच्याकडे पोचवल्या." परी हसली. तिच्या पंखांवरचा उजेड वाढत वाढत सगळा डोंगर उजळून गेला, ढग विरले, घरापर्यंतची वाट लखलखीत दिसली. येसूने डोळे चोळून पाहिलं, तर काठीच्या टोकाला परी नव्हती. तिथे आप्पांची मडक्यातली घुंगरं बांधलेली होती.

आप्पा एका हाताने काठीवर, दुसऱ्या हाताने येसूच्या खांद्यावर भार टाकून चालू लागले. छुम, छुम.  मग म्हणाले, "येसू, चिमूटभर मीठ मुठीत घेऊन ती राजकन्या निघाली."

येसू थबकली. "कुठली राजकन्या, आप्पा?"

"मिठाच्या महालातली. चालत चालत ती एका झोपडीशी आली. आत चुलीवर पेज शिजत होती, आणि मीठ काही घरात नव्हतं." आप्पांचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. एकही शब्द अडखळत नव्हता. "तिनं मूठ उघडली आणि सगळं मीठ पेजेत टाकलं. तेव्हा घरातली म्हातारी काय म्हणाली असेल?"

येसूला खरंच माहीत नव्हतं. ही गोष्ट ती जन्मात पहिल्यांदाच ऐकत होती, आणि अशा आणखी दोन आप्पांकडे होत्या. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"हं," ती म्हणाली. "सांगा की, आप्पा. मग?"