सरकारच्या दोन खोड्या

नगर नव्हतं, राजवाडाही नव्हता. तळ्याकाठी एक चिमुकली वाडी होती आणि वाडीच्या टोकाला वेणूचं मातीचं घर. बाबा देवाघरी गेल्यापासून वेणूची आई एकटीच चाक फिरवायची. गरगर गरगर चाक फिरे, आणि ओल्या मातीतून इवल्याशा पणत्या, नाजूकशी बोळकी, गोल गोल मडकी वर येत. ती विकली गेली तर भाकरी, नाहीतर मायलेकी पेज पिऊन झोपत.

याच घरात सरकार राहत होते.

सरकार म्हणजे वेणूचा बोका. अंग केशरी, पंजे पांढरेशुभ्र, डोळे पिकल्या लिंबासारखे पिवळे. कुणाचं म्हणून ऐकायचं नाही, हा त्यांचा बाणा, म्हणून नाव सरकार. फळीवर मडकं दिसलं की सरकार त्याच्या शेजारी जाऊन बसत. आईच्या डोळ्यांत डोळे घालत. मग एक पंजा पुढे करून मडकं हळू, हळू, हळूच ढकलत. खळ्ळ! दाराचंही तेच. लावलं की बाहेर जायचं म्हणून ओरडायचं, उघडलं की उंबऱ्यावर उभं राहून विचार करायचा, आणि बाहेर काढलं की लगेच आत यायचं.

दिवाळी तोंडावर आली आणि सरकारांनी कहर केला. देवळासाठी घडवलेला नक्षीचा सुंदर कलश त्यांनी खाली ढकलला.

आईने खापऱ्या गोळा केल्या. मग म्हणाली, "बास झालं. आज सांजेला या बोक्याला पोत्यात घालते आणि नदीपार सोडून येते."

वेणूने सरकारांना कवटाळलं. "आई, नको गं! तिकडे त्याचं कोण आहे?"

"आणि इकडे आपण काय खायचं, खापऱ्या?" आईचेही डोळे भरले होते. "जा, तळ्यावरून माती घेऊन ये."

वेणू घमेलं घेऊन निघाली. तळ्याकाठच्या बागेत पिवळी शेवंती, केशरी झेंडू, जांभळी गोकर्ण नुसती फुलून आली होती, पण तिला आसवांतून काही दिसत नव्हतं. तेवढ्यात चिखलात काहीतरी लुकलुकलं. बिचारं फुलपाखरू रुतलं असेल, असं म्हणून वेणूने ते अलगद उचललं, ओंजळीतल्या पाण्याने धुतलं, झग्याच्या टोकाने टिपलं. आणि ती दचकून मागेच बसली.

हातावर एक परी होती! बोटाएवढी परी! मोरपिशी पंख, दवाच्या थेंबांचा मुकुट, आणि नाकाच्या शेंड्यावर अजून थोडा चिखल.

परी शिंकली. "देव भलं करो तुझं, बाळ! सकाळपासून अडकले होते मी. माग, तीन इच्छा माग. पण नियम ऐक हं. खोड कधी मरत नाही. एकातून काढली की ती जवळच्या दुसऱ्यात शिरते. आणि जिथून काढली तिथे परत धाडा म्हणून मागता येत नाही."

"हो, हो!" वेणू म्हणाली. खरं सांगायचं तर तिने अर्धंच ऐकलं होतं. आनंद झाला की कान असेच बंद होतात. "सरकारांची मडकी ढकलायची खोड जाऊ दे! आणि दाराची पण!"

परीने चिमुकली काठी दोनदा फिरवली. चमचम, चमचम.

वेणू धावत घरी आली. सरकार कोपऱ्यात पंजे जुळवून बसले होते. किती शहाणे! तिने हाक मारली, तर ते लगेच उठून आले. सरकार हाकेला आले? वेणू चपापली. मांडीवर घेतलं, तर घुर्रर्र नाही की शेपटीचा फटका नाही. कापसाची गादी घ्यावी, तसे पडून राहिले.

खळ्ळ!

वेणूने वळून पाहिलं आणि तिचा आ वासला. आई फळीपाशी उभी होती. वेणूच्या डोळ्यांत डोळे घालून तिने दुसऱ्या मडक्याला एक बोट लावलं. हळू, हळू, हळूच.

खळ्ळ!

"आई, काय करतेस हे?"

"मला धर गं, वेणू!" आई रडकुंडीला आली होती. "बोट ऐकतच नाही! मडकं दिसलं की नुसतं शिवशिवतंय!"

तोच दारावर खरखर झाली. बाहेर देवळातले धोंडूगुरव होते, पंचक्रोशीतला सगळ्यात गंभीर माणूस. कलश न्यायला आले होते बिचारे, आणि आता नखांनी दार ओरखडत होते!

"पोरी, दार उघड." उघडलं. ते उंबऱ्यावरच थबकले. आत आले. "पोरी, मला बाहेर जायचंय." बाहेर गेले. "पोरी, मला आत घे. अगं, हे झालंय तरी काय मला!" पगडी कानावर आली होती. वेणूला हसू यायला हवं होतं, पण आलं रडूच. हे सगळं तिने केलं होतं.

ती धापा टाकत बागेत गेली. "परीताई, आईची खोड काढ! गुरवकाकांचीही काढ!"

"एकच इच्छा उरली आहे, बाळ," परी हळूच म्हणाली. "आणि सरकारांकडे परत धाडा म्हणून मागता येत नाही. सांग, दोन्ही कुणाला देऊ?"

वेणूने इकडेतिकडे पाहिलं. झाडावर खार होती, तळ्यात बदकं होती. त्यांनी तिचं काय वाईट केलं होतं?

"मला दे," ती म्हणाली. "मी हात फडक्याने बांधून ठेवीन. फक्त, आई मला नदीपार तर नाही ना सोडणार?"

परीच्या हातातली काठी गळून पडली. "स्वतःसाठी खोड मागतेस? मी कितीतरी राजपुत्रांना भेटले, राजकन्यांना भेटले. सगळ्यांनी सोनं मागितलं. खोड कुणी मागितली नाही गं!" तिने मुकुट काढला, डोळे पुसले आणि पुन्हा घातला, तो तिरपाच. "नियम केले कुणी? मी. मग मोडीनही मीच. दोन्ही खोड्या जिथल्या तिथे जावोत!"

मग ती बांधावर बसली. बांधावर एक पिकलेला पेरू होता. परीने वेणूच्या डोळ्यांत डोळे घातले आणि इवल्याशा बोटाने पेरू हळू, हळू, हळूच ढकलला. टप्प!

"कणभर ठेवून घेतली," ती खुदकन हसली. "मजा येते!" आणि सोनेरी, गुलाबी, चंदेरी प्रकाशाचा लोट उठला. तो विरला तेव्हा बांधावर कुणीच नव्हतं.

घरी येते तो काय, आई अंगणात बसली होती आणि तिच्या हातात पोतं होतं. वेणू धावत पुढे गेली.

"आई, नको!"

"अगं, सरक." आईने पोत्याची चौघडी घातली आणि ती उबदार चुलीपाशी अंथरली. "बोट कसं शिवशिवतं ते मला आता ठाऊक झालंय. त्या मुक्या जिवाला मी काय बोलू? यापुढे माल जमिनीवरच वाळवायचा. जमिनीवरून ढकलून ढकलून कुठे ढकलतील?"

आईने ओल्या पणत्या खाली मांडल्या. सरकार आले, पोत्याचा वास घेतला, नाक मुरडलं आणि सगळ्या ओल्या पणत्यांवरून ऐटीत चालत गेले. मायलेकी थक्क होऊन बघतच राहिल्या. प्रत्येक पणतीत एक चिमुकला पंजा उमटला होता.

दिवाळीच्या सांजेला वारा सुटला. वाडीतले सगळे दिवे विझले, पण पंजाच्या पणत्या मात्र लखलखत राहिल्या, आणि प्रत्येक ज्योतीच्या मुळाशी एक इवलासा मोरपिशी पंख हलला. त्यानंतर पंचक्रोशीतून माणसं तशाच पणत्या मागायला येऊ लागली. त्या घरात पुन्हा कुणी पेज पिऊन झोपलं नाही.

सरकार मात्र त्या पोत्यावर कधीच झोपले नाहीत. ते वेणूच्या उशीवर झोपत, आणि वेणू पोत्यावर.