पातेलं घेऊन रानात गेलेलं माकड

माकडं पाठीला पिशव्या बांधून हिंडायची, त्या काळची गोष्ट. डोंगराखालच्या देवळात राहणारं एक माकड प्रसादाच्या खोबऱ्याला विटलं. "आता रानात जाणार नि रानातलंच खाणार!" असं म्हणून त्याने पातेलं, पळी, मीठ, मसाला सगळं पाठीवर चढवलं. भाकरी मात्र मुद्दाम घेतली नाही.

दिवसभर वणवण केल्यावर त्याला मूठभर शेवळं, म्हणजे पावसाळ्यात उगवणारी रानभाजी, सापडली. ती शिजवून खाल्ली, तर घसा असा खाजला की माकड सागाच्या खोडावर जीभ घासत बसलं.

तेवढ्यात साळूताई साळिंदर डुलत डुलत आली. "अरे माकडोबा, शेवळांत काकडं नाही घातलीस? त्या आंबट फळांवाचून ती खाजणारच!"

"ती कुठं मिळतात, ताई?"

"पलीकडच्या डोंगरावर. तीही वानरांनी ठेवली असतील तर."

माकड रडकुंडीला आलं. "मग तुम्ही रानातली मंडळी जेवता तरी कशी?"

साळूताईने तृप्तीचा ढेकर दिला. "आम्हाला रान चांगलं ठाऊक आहे ना, म्हणून आज देवळात गेले होते. तुझी जागा रिकामीच होती. खोबरं काय गोड होतं, म्हणून सांगू!"