मुरांब्याच्या बरणीची गाठ

"चोर आपल्या कोठीतला नाही! नाही म्हणजे नाही!" भिवराने घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. पण ऐकतो कोण? मसाला कुटणाऱ्या बाईला काय कळतंय म्हणून सगळे हसले.

झालं होतं असं. वैद्यबुवांनी हैबतराव महाराजांचं गोड बंद केलं. मुरांब्याची बरणी तोंडाला फडक्याचा दादरा बांधून कोठीत ठेवली. तरी मुरांबा रोज खाली खाली चाललेला! राणीसाहेबांनी भर दरबारात विषय काढला आणि महाराज एकदम लालबुंद झाले.

"त्या कोठीवाल्या रंगोबाला हाकलून द्या!"

म्हातारा रंगोबा रडायलाच लागला. भिवरा तडक पुढे झाली.

"त्यांना कशाला? चोर मी दाखवते."

"तू?" महाराज हट्टाला पेटले. "दाखव! पण नाव घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही! जमलं तर मुदपाकखान्याची मुख्य तू. नाही जमलं तर तू आणि रंगोबा, दोघंही वेशीबाहेर! आणि चोर सापडला की त्याच्या नावाची दवंडी पिटायची."

"चोर कुणी का असेना?"

"कुणी का असेना! आमचा शब्द आहे!"

मुख्याची जागा रिकामी होती आणि भिवराचा तिच्यावर केव्हापासून डोळा होता. पण रंगोबाने कपाळावर हात मारला. "अगं बये, काय बोलून बसलीस!"

"काका, गप उभे राहा. मी काय इथे नुसता मसालाच कुटत होते? माणसंही बघत होते."

तिने कोठीतून रिकाम्या बरण्या आणल्या. कोठीतले, स्वयंपाकातले, वाढपी, सगळे ओळीने बसवले आणि प्रत्येकाला दादरा बांधायला लावला. सगळ्यांचा हात सारखा चालला. एक वेढा, एक गाठ, ओढली की सुटली! रोजचंच काम ते.

मग तिने मुरांब्याची बरणी मधोमध आणून ठेवली. चोराने बांधली होती तशीच. गाठीवर गाठ, तिच्यावर अजून एक गाठ, दादऱ्याची दोन टोकं शेंडीसारखी वर! दरबार खो खो हसला. महाराज तेवढे छताकडे बघत होते.

"आमच्यातल्या कुणाचा हा हात नाही, ते दिसलंच सगळ्यांना," भिवरा म्हणाली. "आता दरबारी मंडळींनी बांधावं. महाराज, तुम्ही नका हो या भानगडीत पडू. तुम्हांला नाही जमायचं."

"काय म्हणालीस?"

"नाही जमायचं. तुमच्या हातचं काम नाही ते."

"आम्हांला नाही जमणार? आण ती रिकामी बरणी!"

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. नवरा कसा आहे ते त्यांना ठाऊक होतं.

महाराजांनी बाह्या सरसावल्या. एक गाठ मारली. सैल झाली. तिच्यावर दुसरी मारली. जीभ दातात धरून तिसरी! आणि ऐटीत बरणी पुढे सरकवली. "हे बघ!"

सगळ्यांनी बघितलं. दोन बरण्या शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारख्या!

"महाराज, मी नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही, विचारलंही काही नाही," भिवरा म्हणाली.

महाराजांनी एका गाठीकडे बघितलं, मग दुसरीकडे. आणि पोट धरून असे हसले की पगडी तिरकी झाली.

"तुला कळलं तरी कसं गं?"

"वैद्यबुवा 'नको' म्हणाले तेव्हाच शंका आली. तुम्हांला नको म्हटलं की हवंच असतं. मग ही गाठ बघितली. म्हटलं, ह्या माणसाची नाडीसुद्धा दुसराच कुणीतरी बांधत असणार!"

महाराज परत हसत सुटले. हसता हसताच त्यांनी मुदपाकखान्याच्या किल्ल्या मागवल्या आणि भिवराच्या ओटीत टाकल्या. रंगोबाने डोळे पुसले.

"आणि दवंडीचं काय?" राणीसाहेबांनी हळूच विचारलं.

"पिटा! शब्द दिलाय आम्ही!"

दवंडीवाल्याला दरदरून घाम फुटला. त्याने डफावर थाप मारली, डोळे गच्च मिटले आणि ओरडला, "ऐका हो ऐका! मुरांब्याचा चोर सापडला हो! चोराचं नाव... हैबतराव महाराज!"