टिटवीचा ओला पाय

फार फार वर्षांपूर्वी एका तळ्याचे प्राणी दर उन्हाळ्यात आपला कारभारी निवडत. बांधाचं तोंड किती उघडायचं, हे तोच ठरवी. पाणी चढलं तर काठावरच्या टिटवीची अंडी बुडणार होती, म्हणून ती बिचारी कासव आणि बेडूक या दोन्ही उमेदवारांकडे चकरा मारत होती.

कासवासाठी डोंगरापलीकडून करकोचे आले होते. ते घरोघर मासे वाटत आणि कासवाचे गोडवे गात. बेडकासाठी बांध लिंपणाऱ्या खेकड्यांची संघटना राबत होती.

"कासवदादा, पाणी किती चढवणार?" टिटवीने विचारलं. कासवाने करकोच्यांकडे पाहिलं आणि मान आत ओढली.

"बेडूकभाऊ, तुम्ही तरी सांगा!" बेडकाने गाल फुगवले आणि खेकड्यांकडे पाहिलं.

टिटवीचं डोकं चक्रावलं. करकोचे तर पावसाआधीच उडून जाणार. खेकडे इथलेच, पण त्यांची अंडी त्यांच्या पोटाशी. त्यांना बुडण्याची कसली भीती?

मताच्या दिवशी दोन्ही उमेदवार एकेका दगडावर बसत आणि आपल्या उमेदवाराच्या दगडावर ओला पाय उमटवायची तिथली रीत होती. टिटवी तळ्यात पाय बुडवून आली आणि दोन दगडांच्या मधे थबकली. मागे रांग खोळंबली.

"अगं, उमटव की पाय!" पाणकोंबडी खेकसली. "एवढा कसला विचार करतेस?"

"उमटवते गं बाई. पण पाणी ठरवणारे या दगडांवर बसलेत कुठे?"

टिटवीने खाली पाहिलं, तर तिचा पाय उन्हात वाळून गेला होता.