बाटलीवरची कोरफड

प्राणी नुकतेच नटायला शिकले होते, त्या काळातली ही गोष्ट. अस्वलमावशीच्या पार्लरच्या खिडकीत कुंडीतली एक कोरफड राहायची. फळीवरच्या रंगाच्या बाटलीवर तिचंच हिरवंगार चित्र होतं आणि खाली ‘कोरफडीचा नैसर्गिक रंग’ असं लिहिलं होतं. त्याचा तिला भारी अभिमान होता.

लग्न ठरलेली सशीण कान रंगवायला आली. "मावशी, माझी कातडी नाजूक आहे. आधी पंजावर थेंबभर लावून उद्यापर्यंत थांबूया का?"

"कशाला?" कोरफड म्हणाली. "माझं चित्र आहे त्यावर. मी कधी कुणाला पोळलंय का?"

मावशीलाही ते पटलं आणि तिने लगेच कानांना रंग लावला.

थोड्याच वेळात सशीण कळवळली. तिचे कान लालबुंद होऊन सुजले. मावशीने घाईघाईने रंग धुतला. त्या गडबडीत बाटली फिरली आणि कोरफडीने पहिल्यांदाच तिच्या पाठीवरचा मजकूर वाचला. जे जास्त ते आधी, अशा क्रमाने रसायनांमागून रसायनं लिहिली होती. कोरफडीचं नाव सगळ्यात शेवटी होतं, सुगंधाच्याही खाली.

कोरफडीने ते पुन्हा वाचलं. "मी एवढीशीच?"

"पाठीवर सगळं खरंच लिहिलंय," बाटली म्हणाली. "तू चित्रच बघत बसलीस."

कोरफडीने आपलं एक पान पुढे केलं. "मावशी, माझं पान काप आणि गर तिच्या कानांना लाव. पण आधी पंजावर थेंबभर लावून बघ."