पेवातल्या फिती

फार वर्षं झाली. नदीकाठच्या कवठघाटात तेव्हा हळद पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली खोलीएवढी पोकळी. या गावात साळू नावाची बाई होती. तिचा पाय घरात ठरत नसे, असं म्हणतात. पण ती काही जन्माची तशी नव्हती.

त्याचं असं झालं. एकदा लांबून एक सिनेमा कंपनी गावात आली. घाटावर राजाची मिरवणूक दाखवायची होती, म्हणून सगळं गाव गर्दी म्हणून उभं केलं. साळूची लहानगी ठकू अगदी पुढे होती. हत्ती काही कंपनीला मिळाला नव्हता. "हत्ती आलाय असं समजा आणि हसा," एवढं सांगितलं होतं. ठकू त्या नसलेल्या हत्तीकडे बघून अशी हसली, की यंत्राचा दांडा फिरवणाराही हसला. कंपनी गेली आणि त्याच वर्षी मानमोडीचा ताप आला. साळूचा नवरा गेला, मागोमाग ठकू गेली.

पुढे जत्रांमधून तंबूतला सिनेमा दिसू लागला. कुणीतरी येऊन सांगितलं, "साळू, पडद्यावर आपला घाट बघितला गं. तुझी ठकू हसत होती." त्या दिवसापासून साळू जत्रेमागून जत्रा पालथी घालू लागली. आबालाल तंबूवाला तिला ओळखू लागला.

"मावशी, शिनेमाच्या जुन्या फिती कोन ठेवतंय? बांगड्यावाले घिऊन जात्यात."

"बांगड्यावाले? ते काय करत्यात त्येचं?"

"चित्र धुऊन टाकायचं आनि कोऱ्या फितीच्या बांगड्या करायच्या. झ्याक हुत्यात."

साळूच्या मनात आलं, कुणाच्या तरी मनगटावर आपली ठकू धुतली जाऊन बसेल! कुठल्या फितीत ती आहे हे तर ठाऊक नाही. मग तिने दिसेल ती जुनी फीत मागायला सुरुवात केली. बदल्यात हळद द्यायची.

"समद्या नेताय त्या! लोनचं घालनार व्हय मावशी?" आबालाल हसायचा आणि डबे काढून द्यायचा.

घरी आली की ती सावलीत जुनं लुगडं पसरायची, डबा उघडायची, फीत या हातातून त्या हातात सोडवायची. चिकटलेली जागा ओढायची नाही, फुंकर घालून सुटेपर्यंत थांबायची. मऊ फडक्याने पुसायची. मग उन्हाकडे धरून एकेक चित्र बघायची. राजे दिसायचे, घोडे दिसायचे, मिशीवाले राक्षस दिसायचे. ठकू नसायची. तरी ती फीत परत गुंडाळून पेवात ठेवायची. धाकटा दीर निवरू म्हणायचा, "वैनी, ह्यात ठकू न्हाई, मग कशाला ठेवता?"

"कुनाची तरी आसंलच की रं ह्यात."

घरात चूल, वर पत्रा तापलेला, आणि त्या काळच्या फिती ठिणगीनेही भडकत. पेवात मात्र कोरडा गारवा. दमट वारा सुटला की ती अर्ध्या जेवणावरून उठे आणि पेवाचं तोंड झाकून येई. पाठ टेकली तरी डोळा उघडाच, असं म्हणतात.

एका वर्षी ती लांबच्या जत्रेला निघाली. जाताना निवरूला म्हणाली, "मला उशीर झाला तर फितींना वारा दे." पेव उघडून दिवसभर तसंच ठेवायचं, विस्तव जवळ न्यायचा नाही आणि मग उतरायचं, ही तिची रीत. ती सांगायची राहिली. रोजचं काम कोण सांगत बसतं?

त्या जत्रेत आबालालने एक गंजका डबा पुढे केला. साळूने फीत उन्हात धरली. घाट होता. गर्दी होती. आणि पुढे नखाएवढी ठकू, तोंड भरून हसणारी. पुढच्या चित्रात हसणारी, त्याच्या पुढच्यातही. साळूने फीत गुंडाळली. मग डबा डोक्यावर घेऊन चालत सुटली.

गावच्या शिवेवरूनच तिला धूर दिसला.

निवरूने पेव उघडलं होतं. बंद पेवात वाईट हवा साठते, उतरणारा बेशुद्ध होऊन पडतो. म्हणून गावात सगळेच आधी दोरीने पणती खाली सोडत. ती तेवत राहिली तरच माणूस उतरे. निवरूने बापाने शिकवलं तसंच केलं. फितींनी पणती बघितली मात्र, पेवातून लोळ उठला. लोकांनी नदीच्या घागरी आणून ओतल्या, तर आग पाण्याखालीही जळत राहिली. आणि धुरातून राजे निघाले, घोडे निघाले. एक राक्षस पिंपळाला अडखळला आणि म्हाताऱ्यांनी त्याला हात जोडले, असं म्हणतात.

निवरूच्या भुवया जळाल्या होत्या. "वैनी, म्या दिवा सोडला वो. उतरायच्या आदी सोडत्यात तसा."

"तू उतरला नव्हतास न्हवं?"

"न्हाई."

"मग झालं."

त्याने तिच्या डोक्यावरचा डबा बघितला आणि काय ते समजला. "घरात चला. टेका जरा."

साळू उंबऱ्याशी आली. आत चुलीवर भाकरी भाजत होती, निखारा लाल होता. तिने डबा छातीशी धरला. "चूल हाय रं भाऊजी," म्हणाली आणि मागे फिरली. शेजारच्या दारात गेली, तिथेही चूल. देवळात गेली, तिथे समई. माणूस जिथे राहतो तिथे विस्तव असतोच. साळू गावाबाहेर पडली. निवरू नदीपर्यंत हाका मारत गेला. ती थांबली नाही.

ती अजून चालतेच आहे, असं म्हणतात. कधी कुणाला बांधावरून डोक्यावर डबा घेतलेली बाई जाताना दिसते. बस म्हटलं, तर आधी ती विडी विझवायला सांगते.

कवठघाटात आता पेवं बुजली, घरोघरी गॅस आला. तरी जत्रेच्या आदल्या दिवशी गावात कुणी विस्तव पेटवत नाही. देवळातली समईसुद्धा शांत करतात. लोक शिळी भाकरी आणि दही खातात, दारं सताड उघडी ठेवतात आणि ओसरीवर धुतलेलं लुगडं अंथरतात. नव्या सुनेने विचारलं, कशासाठी, तर सासू सांगते, "आज साळूला डबा खाली ठेवता येतो."